राजगीरसाठी भरलेली बॅग

ताई,

मी जाऊन आले.

परवा दुपारी बडनेऱ्याला उतरले, ऑटो करून घरी पोचले आणि दार उघडल्याबरोबर तुला फोन लावायला मोबाईल हातात घेतला. कुठेही पोचलं की आधी ताईला कळवायचं, ही हाताला लागलेली सवय. तुझं नाव समोर आलं तेव्हा कुठे ध्यानात आलं. मग चपलाही न काढता दिवाणावर तशीच बसून राहिले. बॅग अजून दाराशीच आहे. सोडायला हात धजत नाही.

अकोल्याच्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक तुझ्याविषयी पुष्कळ बोलले. पोस्टातल्या तुझ्या सोबतीण म्हणाल्या, ताई फार मनमिळाऊ होत्या. मी मान खाली घातली, कारण मला हसू येईल अशी भीती वाटली. तू मनमिळाऊ कधी होतीस? खिडकीवर चुकीचा फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला तू असं झापायचीस की तो घरी जाऊन बायकोशीही नीट बोलत नसेल. पण त्याच माणसाचा फॉर्म जेवणाच्या सुट्टीत तूच भरून द्यायचीस. हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही. माझ्यावर बोलायची वेळ आली तेव्हा मी "ताई माझी मोठी बहीण होती" एवढंच म्हणून खाली बसले.

म्हणून आता बोलते. त्यातलं काही तुला आवडणार नाही.

मी भित्री आहे हे आपल्या घरात कोणी कधी लपवलं नाही. बाबा मूर्तिजापूरला नोकरीला होते तेव्हा आपण शकुंतलेने अचलपूरला आत्याकडे जायचो. ती गाडी इतकी हळू की म्हशी तिच्या पुढे जायच्या. एकदा तू चालत्या गाडीतून खाली उतरलीस आणि रुळाच्या कडेने गाडीबरोबर चालत बोरं तोडायला लागलीस. मी खिडकीच्या गजांना धरून किंचाळत होते, "बाबा, ताई राहिली, ताई राहिली." बाबा पेपर वाचत होते. तू ओचाभर बोरं घेऊन पुन्हा डब्यात चढलीस, माझ्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालीस, "रडून काहून राहिली? गाडी पयते का मी पयतो?" मी एकही बोर खाल्लं नाही. तुझ्यावर रागावले होते. तू मात्र बिया माझ्याच फ्रॉकवर थुंकलीस.

प्रज्ञाचे बाबा गेल्यापासून ही भीती जास्तच वाढली. अमरावतीतून अकोल्याला यायचं तरी मला आदल्या दिवशीपासून एकेक सुचायला लागायचं. गॅस बंद केला का, गाडी चुकली तर, डब्यात चढता आलं नाही तर. शाळेत तीस-तीस पोरं सांभाळणारी मी, रिटायर झाल्यावर स्वतःला सांभाळू शकत नव्हते. प्रज्ञा पुण्याहून फोनवर म्हणायची, मम्मी, डॉक्टरांना दाखव. तू म्हणायचीस, डॉक्टर कायले, हिले जरा हिंडवलं पायजे.

आणि मग तूच ते काढलंस. तुमच्या विहारातून डिसेंबरमध्ये बोधगयेला सहल जाणार होती. अशा सहली दरवर्षी जातात, बसमधून उतरायचं, वंदना करायची, फोटो काढायचे, पुन्हा बसमध्ये. पण यावेळी त्यात एक दिवसाची पायी चाल होती. जेठियन नावाच्या खेड्यापासून डोंगरांमधल्या दरीतून राजगीरपर्यंत. बुद्ध भिक्खूसंघाला घेऊन ज्या वाटेने राजगृहात गेले असं सांगतात, ती वाट. तू फोनवर मला विचारलंसुद्धा नाहीस. "तुह्यं नाव देऊन आली," म्हणालीस. "आता तू नाई म्हन, मी आयकत नाई."

भाऊजी मागून ओरडले ते मला फोनवर ऐकू आलं. "आयुष्यभर मी लोकायले गाडीत बसवलं. अन् ह्या दोघी पायी चालाले पैसे भरून राहिल्या." एसटीच्या स्टँडवर नियंत्रक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला पायी चालणं हा गाड्यांचा अपमानच वाटणार.

नोव्हेंबरमध्ये तू माझी बॅग भरायला अमरावतीला आलीस. खरं म्हणजे बॅग मी आधीच भरून ठेवली होती, तू ती रिकामी करायला आलीस. दिवाणावर सगळं ओतलंस आणि एक-एक वस्तू उचलून मला दाखवायला लागलीस, पोलिसांनी चोराला मुद्देमाल दाखवावा तसं.

"हे काय हाय?"

"गरम पाण्याची पिशवी."

"अन् हे?"

"ती फाटली तर दुसरी."

दोन टॉर्च, ब्लँकेट, छत्री, बॅग बांधायची साखळी आणि कुलूप, स्टीलचे डबे, पाणी तापवायची किटली, सर्दीची, पोटाची, पित्ताची, उलटीची औषधं, आणि ही सगळी औषधं एखाद्याला चालत नसतील तर त्यावरची औषधं. तू हसून हसून दिवाणावर आडवी झालीस. मग उठून निम्म्याहून जास्त सामान कपाटात परत कोंबलंस. मी मागून हळूच थोडं थोडं काढून घेत होते. तू पाहिलंस, आणि न पाहिल्यासारखं केलंस.

मोठं भांडण झालं ते कपड्यांवरून. मी पांढऱ्या साड्या काढल्या होत्या. तू पिशवीतून दोन पांढरे सलवार-कुर्ते काढलेस, अकोल्याच्या शिंपिणीकडून शिवून आणलेले. एक तुझा, एक माझा. लग्न झाल्यापासून मी साडीशिवाय काही नेसले नव्हते. मी म्हटलं, या वयात मी हे घालणार नाही, लोक काय म्हणतील. तू म्हणालीस, "लोक तुह्याकडे पाहाले थोडीच येऊन राहिले राजगीरले? साडीत पाय अडकून पडली म्हंजे पाहतीन मात्र." मी म्हटलं, मी पडणार नाही. तू म्हणालीस, "तू पडशीन. अन् मले उचला लागन." असं आपलं जेवणापर्यंत चाललं. शेवटी तो कुर्ता तू माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलास, मी तो काढून सगळ्यात खाली घातला.

पण त्या दिवशीची जी गोष्ट मला खाते आहे ती याच्या आधीची. तू आलीस तेव्हाची. मी वर गॅलरीत उभी राहून तुला ऑटोतून उतरताना पाहिलं होतं. मग जिन्यात आले, तर तू पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबलेली. एक हात कठड्यावर, दुसरा छातीशी. चेहऱ्याचा रंग मातीसारखा झाला होता. कपाळावर घाम, आणि हवा थंड होती.

"काय झालं, ताई?"

"काई नाई. तुह्या जिन्याचा अंदाज घेऊन राहिली."

मी पर्स हातातून घेतली. वर आल्यावर पाणी दिलं आणि म्हटलं, ताई, अकोल्याला गेल्यावर आधी डॉक्टरला दाखव. छातीचा फोटो काढ, ईसीजी काढ. तू म्हणालीस, "तुले मच्छर चावला तरी डॉक्टर आठवते." आणि मी हसले. ताई, मी हसले, कारण ते खरं होतं. मी त्या दिवशी तुला मोजे घे म्हटलं, कानटोपी घे म्हटलं, बिहारचं पाणी पिऊ नको म्हटलं, रेल्वेत वरच्या बर्थवर चढू नको म्हटलं, आणि त्याच आवाजात, त्याच दमात डॉक्टरला दाखव म्हटलं. शंभर खोट्या काळज्यांमध्ये एक खरी होती. ती वेगळी काढून तुझ्यापुढे ठेवायला मला जमलं नाही.

महिना संपायच्या आत भाऊजींचा फोन आला. तू सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. शेजारच्या बाईने तुला पडताना पाहिलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. भाऊजींनी फोनवर एवढंच म्हटलं, "बेबी, ये." मी तशीच निघाले. पाण्याची बाटली नाही, डबा नाही, स्वेटर नाही, घराला कुलूप लावलं की नाही तेही आठवत नाही. जन्मात पहिल्यांदा मी काहीच न भरता घराबाहेर पडले, आणि तुला ते दाखवता आलं नाही.

नंतरच्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. तुझा अमोल नाशिकहून आला, सगळं त्यानेच केलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे पांगले, अमोल खुर्च्या परत द्यायला गेला. मी स्वयंपाकघरात चहाची भांडी घासत होते. भाऊजी दारात येऊन उभे राहिले.

"बेबी, राजगीरची तारीख कोनती हाय?"

मी म्हटलं, भाऊजी, मी आता कुठे जाणार, मी सहलीच्या सरांना नाव काढायला सांगते.

"नाव काढू नको. तिच्या जागी मी येतो."

मला वाटलं, दुःखाने बोलत आहेत, दोन दिवसांत विसरतील. पण ते विसरले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सहल नेणाऱ्या सरांकडे जाऊन त्यांनी तुझ्या जागी स्वतःचं नाव घालून घेतलं. मग माझी झोप उडाली. भाऊजींना शुगर, गुडघे दुखतात, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी ते स्कूटर काढतात. वाटेत काही झालं तर मी एकटी काय करणार? आणि दुसरी भीती तुला सांगायलाही लाज वाटते. मी विधवा, ते आत्ता एकटे झालेले, तुझ्या फोटोवरचा हार सुकला नाही आणि आम्ही दोघं सहलीला निघालो, हे लोकांना कसं दिसेल? प्रज्ञाला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, मावशी असती तर काय म्हणाली असती?" मी म्हटलं, मावशी असती तर प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, "तरी सांग." मी फोन ठेवून दिला. तू काय म्हणाली असतीस ते मला चांगलं माहीत होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

निघायच्या दोन दिवस आधी मी अकोल्याला गेले, कारण भाऊजींची बॅग कोण भरणार? त्यांना स्वतःचे बनियन कुठल्या खणात असतात हे माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तुझं कपाट उघडलं. त्यांचे मोजे तुझ्या रुमालांमध्ये सापडले, मफलर सापडला नाही. कपाटाच्या खालच्या खणात तुझी बॅग होती. लहानशी, पाठीवर घ्यायची, भरून तयार. मी तिला हात लावला तर भाऊजी एकदम म्हणाले, "ते राहू दे." आवाज कठोर होता. मी हात मागे घेतला.

मग मी त्यांच्यासाठी दुसरी बॅग भरली. शुगरच्या गोळ्या, खडीसाखर, जवसाची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गुडघ्याचे पट्टे, दोन स्वेटर. ते पलंगावर बसून पाहत होते. मी विचारलं, चपला कोणत्या घालणार? ते म्हणाले, "ज्या हायेत त्या." मी म्हटलं, चपलांनी डोंगरातून चालता येत नाही. संध्याकाळी ते बाजारात जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले, शाळेतल्या पोरांसारखे. ते घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "चावते." मी म्हटलं, चावणारच, नवे आहेत. "तुही ताई म्हने, मानूस भी नवा असला की चावते." एवढं म्हणून ते उठून आत गेले.

गाडीच्या दिवशी मी बडनेऱ्याच्या फलाटावर वेळेच्या खूप आधी जाऊन बसले. गाडी अकोल्याहूनच येणार होती, भाऊजी आणि बाकीची मंडळी आधी चढलेली. पण ते चढले का? बरोबर डब्यात चढले का? मूर्तिजापूरला चहाला उतरून राहून तर गेले नाहीत? मी इतके फोन केले की शेवटी सरांनी त्यांचा फोन घेऊन सांगितलं, मॅडम, ते माझ्या समोर आलुबोंडा खाऊन राहिले. मी म्हटलं, त्यांना शुगर आहे. गाडी आली तेव्हा भाऊजी दारातच उभे होते. माझी बॅग उचलून घेतली आणि म्हणाले, "एवढं काय भरलं? घर आनलं काय?" त्या क्षणी तुझ्या आठवणीने माझा पाय पायरीवरच थांबला. मागच्या माणसाने ढकललं म्हणून चढले.

प्रवासात मी दोन रात्री झोपले नाही. भाऊजींचा श्वास मोजत पडून राहिले. सहलीतल्या बायकांपैकी एकीने विचारलंच, हे तुमचे मिस्टर का? मी सांगायच्या आत भाऊजी म्हणाले, "साळी हाय माही. बायको येनार होती." त्यानंतर त्या बाई येताना-जाताना माझ्यासाठी जागा धरायला लागल्या. ज्याची मला एवढी धास्ती होती ते एका वाक्यात संपलं.

जेठियनला सकाळी धुकं होतं. इतके भिक्खू मी एका जागी कधी पाहिले नव्हते, देशोदेशींचे, कोणाचं चीवर पिवळं, कोणाचं तपकिरी. गावातल्या बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून फुलं आणि लाह्या देत होत्या. मी तो कुर्ता घातला होता, ताई. धर्मशाळेच्या खोलीत घातला, आरशात पाहिलं, काढला, पुन्हा घातला. बाहेर आले तर कोणी पाहिलंसुद्धा नाही. तुझं खरं होतं. हे मान्य करायला मला बिहारपर्यंत जावं लागलं.

दरी लांबट आहे. दोन्ही बाजूंना उघडे खडकाळ डोंगर, मध्ये झुडपं आणि दगडगोट्यांची वाट. सुरुवातीला भाऊजी माझ्या पुढे चालत होते, मग बरोबरीने, मग मागे. मी दर थोड्या वेळाने वळून पाहत होते. ऊन वर आलं. एकदा वळले, तर ते एका खडकाला हात टेकून उभे. चेहऱ्याचा रंग मातीसारखा.

मी धावत मागे गेले. "भाऊजी, बसा."

"काई नाई. बूट चावून राहिला."

"बसा म्हणते ना."

ते बसले. हात गार होते. दमलेल्यांसाठी मागून एक जीप येत होती, मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती थांबवली. भाऊजी म्हणाले, मी जीपमध्ये बसनार नाई, मी तिच्या जागी आलो, तिची वाट मी पायीच पुरी करनार. लोक थांबून पाहायला लागले. जीपवाला म्हणाला, चाचाजी, आइये. भाऊजींनी मान हलवली. मला लोकांसमोर मोठ्याने बोलायला कधीच जमलं नाही, तुला माहीत आहे. पण त्या वाटेवर मी भाऊजींवर ओरडले. "तुमाले गाडीत बसाच लागन. मी हात जोडत नाई, पाया पडत नाई. बसा." मास्तरीण झाल्यापासून मी वऱ्हाडी बोलणं सोडलं होतं, ते आपोआप तोंडात आलं. भाऊजी उठले आणि जीपमध्ये चढले.

मी पण बसायला निघाले, तर जीपमध्ये जागा नव्हती. दोन म्हातारे भिक्खू आणि एक पाय मुरगळलेली बाई आधीच होती. जीपवाला म्हणाला, मी त्यांना राजगीरला वेळुवनाच्या कॅम्पमध्ये डॉक्टरकडे सोडतो, तुम्ही चालत या. आणि जीप गेली.

आपली मंडळी कुठे पुढे निघून गेली होती. माझ्या ओळखीचं एकही माणूस त्या दरीत नव्हतं. मोबाईलला रेंज नव्हती. भाऊजींचं काय होतंय ते कळायला मार्ग नव्हता, चालण्याशिवाय. म्हणून मी चालले. आजूबाजूचे डोंगर, भिक्खूंचं पठण, काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. लोक म्हणतात त्या वाटेवर मन शांत होतं. माझं झालं नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं, जीप पोचली असेल का, जीप पोचली असेल का. घाबरत घाबरत मी राजगीरपर्यंत चालून गेले, एकटी, आणि वेळुवनाच्या फाटकात शिरले तेव्हा भाऊजी झाडाखाली खुर्चीत बसून बिस्किट खात होते.

डॉक्टर म्हणाले, यांनी सकाळी गोळी घेतली आणि काही खाल्लं नाही, शुगर उतरली, बाकी काही नाही. ईसीजीही काढला, चांगला आहे. भाऊजी म्हणाले, "पाहय, उगीच घाबरवलं." मी म्हटलं, हो, उगीच घाबरवलं. आणि त्या डॉक्टरसमोर मी इतकी रडले की त्यांनी मलाच पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला जुनं राजगीर दाखवायला नेलं. जुन्या शहराभोवती दगडी भिंत आहे, डोंगरांच्या माथ्यावरून गेलेली, चुना-माती काही नाही, मोठाले दगड एकावर एक रचलेले. बाकीची मंडळी वर चढून गेली. मी आणि भाऊजी खाली भिंतीशी उन्हात बसलो. गाईड सांगत होता, ही अडीच हजार वर्षांपूर्वीची भिंत आहे. तो लोकांना घेऊन पुढे गेला. भाऊजी बराच वेळ बुटाची नाडी सोडत-बांधत होते.

"बेबी, काल तू मले बसवलं जीपमधी," ते म्हणाले. "मले भी तिले असंच बसवाले पायजे होतं."

मी म्हटलं, भाऊजी, तुम्हाला काय माहीत होतं?

"माहीत होतं."

आणि त्यांनी सांगितलं. अमरावतीहून परत गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तू डॉक्टरकडे गेली होतीस. भाऊजींना म्हणालीस, "बेबी म्हने दाखव, तं दाखवून येऊ, नाई तं डोकं खाईन." डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि सांगितलं, आजच भरती व्हा, अँजिओग्राफी करावी लागेल, बहुतेक हृदयाच्या नळ्या बंद आहेत. तू म्हणालीस, डिसेंबरनंतर. गोळ्या लिहून घेतल्यास. त्या तुझ्या भरलेल्या बॅगेत होत्या, म्हणून भाऊजींनी मला हात लावू दिला नाही.

"मी लय भांडलो तिच्यासंग," भाऊजी म्हणाले. "म्हटलं, बेबीले फोन करतो. तं म्हने, तिले सांगू नका. सांगतलं तं ती बॅग खाली करून ठेवीन, अन् मंग जन्मात पुन्हा भरनार नाई. एकडाव तिले हिंडून आनू द्या, मंग मी दवाखान्यात झोपतो, पायजे तं महिनाभर झोपतो." त्यांनी नाडी पुन्हा सोडली. "तिच्यासमोर माहं कधी चाललं, बेबी? पन ह्या डाव चालवाले पायजे होतं."

मी त्यांना धीर द्यायला हवा होता. मी दिला नाही. मी उठून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. नालंद्याला गेलो तेव्हाही मी त्यांच्याशी बोलले नाही. ती लाल विटांची ओळीओळीने खोल्या असलेली एवढी मोठी जागा मी पाहिली की नाही ते मला सांगता येणार नाही. परतीच्या गाडीत त्यांनी डब्यातली शेवटची पुरी माझ्यापुढे केली. मी अर्धी मोडून त्यांना परत दिली. तेव्हाही आम्ही बोललो नाही, पण नागपूर आल्यावर मी त्यांना गोळीची आठवण केली आणि त्यांनी ती घेतली. अकोल्याला पोचल्याचा त्यांचा फोन त्याच संध्याकाळी आला. काल संध्याकाळीही आला. जेवण झालं का एवढंच विचारलं.

ताई, तू माझं ऐकलंस. इतके दिवस मला वाटत होतं, माझी खरी काळजी खोट्यांच्या ढिगात हरवली. हरवली नव्हती. तू ती बरोबर वेचून घेतलीस आणि डॉक्टरकडे गेलीस. यासाठी मी जन्मभर तुझी आभारी राहीन. आणि मग पुढचं सगळं तू एकटीने ठरवलंस, मला न विचारता, माझं नाव देऊन आलीस तसंच. यासाठी मी तुझ्यावर रागावले आहे आणि हा राग कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

तुला वाटलं, बेबी घाबरेल. घाबरलेच असते. रडले असते, बॅग रिकामी केली असती, अकोल्याच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून नर्सला भंडावून सोडलं असतं. तू बरी होऊन मला शिव्या दिल्या असत्यास. पुढच्या वर्षी बॅग पुन्हा भरली असती, किंवा नसती भरली. मी जन्मभर अमरावतीच्या बाहेर पडले नसते तरी काय बिघडणार होतं?

त्या भिंतीला हात लावून पाहिला मी. राजगीर अडीच हजार वर्षं जागचं हललेलं नाही, ताई. ते आपल्यासाठी अजून एक वर्ष थांबलं असतं.